आखातीच्या घागरीत कुठलं पाणी

आमच्या सुकापूरच्या घरामागं विहीर आहे, आणि माझ्या मुलाला ती बुजवायची होती. बायको गेल्यापासून घरात दुसरा विषयच उरला नव्हता. आधी विषय भरपूर असायचे. आमटीत मीठ जास्त कोणी घातलं, पंखा चालू ठेवून कोण गेलं, शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी का आरवतो. ती होती तेव्हा भांडायलासुद्धा निवांतपणा होता. ती गेली आणि सगळी भांडणं विहिरीच्या काठावर येऊन बसली.

विहीर माझ्या आज्यानं खणली. सात-बारावर नाव माझं, पण विहीर हिची. लग्न होऊन आली तेव्हापासून धुणं तिथं, भांडी तिथं, रडणं तिथं आणि मला शिव्या देणंही तिथंच, कारण आत आवाज घुमतो. मी कुठं आहे हे तिला ठाऊक नसायचं, पण विहिरीला पाणी किती आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. घरात नळ आला तेव्हा नळाचं पाणी तिनं एकदा तोंडात घेतलं आणि सरळ अळवावर थुंकली. "औषध घातलंय याच्यात," म्हणाली. मग नळाचं पाणी मोरीला आणि विहिरीचं पोटाला असा घरचा कायदा झाला. सरकारचे कायदे आमच्याकडे कोणी पाळत नाही, पण तिचा पाळायचे.

तिच्या किडनीत गाठ निघाली. पनवेलला दाखवलं, मुंबईला नेलं, परत आणलं. पावसाळा संपता संपता गेली. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायला बसलो की पेन थांबतं आणि मग मी उगाच पेनाला दोष देतो.

सून नाशिककडची. बेलापूरला कंपनीत कामाला जाते. आवाज बारीक, पण एकदा धरलं की सोडत नाही, खेकड्यासारखी. मला आवडते. हे तिला सांगायचं नाही, डोक्यावर बसेल. एका रविवारी मी चहा पीत होतो तर मोबाइल घेऊन समोर येऊन बसली.

"बाबा, हे जरा वाचा."

"चष्मा नाय."

"मग मी वाचून दाखवते."

"मग कान पण नाय."

तरी वाचलंच तिनं. नॉनस्टिकचे तवे, पाणी न धरणारे रेनकोट, हॉटेलातून खाणं येतं त्या कागदी डब्यांच्या आतला थर, मोठी आग विझवायला मारतात तो फेस, असल्या वस्तूंत काही रसायनं घालतात म्हणे. कारखान्यातून, कचऱ्यातून ती जमिनीत उतरतात आणि मग पाण्यात. वास नाही, रंग नाही, चव नाही. आमच्या गावातले काही पुढारी मला आठवले.

"कायमची रसायनं म्हणतात त्यांना," सून म्हणाली.

"कायमची म्हंजे?"

"म्हणजे कुजत नाहीत, नासत नाहीत. मातीत गेली तर मातीत राहतात. आपल्या पोटात गेली तर रक्तात राहतात, वर्षानुवर्षं."

"बरंय की. कोणतरी राहातंय म्हणायचं या घरात."

माझी जीभ अशीच आहे, डोक्याला विचारत नाही. मग तिनं हळू आवाजात पुढं वाचलं. थायरॉईड, कोलेस्टेरॉल, लिव्हर. गरोदरपणी बाईचं बीपी वाढतं, बाळ वजनाला कमी भरतं. लहान पोरांना लस टोचली तर ती पुरती लागू पडत नाही. सगळ्यांना होतंच असं नाही, पण धोका वाढतो, असं ती प्रत्येक रोगामागं म्हणत होती. शेवटी किडनीच्या कॅन्सरवर आली आणि तिनं मोबाइल उलटा करून ठेवला. "आईंना" हा शब्द ती बोलली नाही. चहावर साय धरली.

मला पहिला संशय तव्याचा आला. मुलानं आईला हौसेनं नॉनस्टिक तवा आणून दिला होता, सोबत लाकडी उलथनंही. हिनं लाकडी उलथनं चुलीत घातलं आणि लोखंडी उलथन्यानं महिनाभरात तव्याचा काळा रंग खरवडून काढला. खालचा पत्रा दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "आता कुठं तवा झाला." तो काळा रंग गेला कुठं? आमच्या पोटात. भाकरीला लागून. मी सुनेला विचारलं, तर म्हणाली, पापुद्रे गिळले तर बहुतेक तसेच बाहेर पडतात, खरी भीती पाण्यातून रोज जातं त्याची आहे. म्हणजे बायकोनं खरवडलं ते चाललं आणि देवानं दिलं ते नाही. असलं शास्त्र.

मग पाणी तपासायला द्यायचं ठरलं. साधी तपासणी कुठंही होते, पण या रसायनाची मोजक्या ठिकाणीच होते. तिथला माणूस आला. हातात मोजे, बरोबर खास बाटल्या. त्यानं मला विहिरीपासून लांब उभं केलं. म्हणाला, अंगाला क्रीम, तेल, काही लावलं असेल तर नमुना बिघडतो. मी सकाळीच खोबरेल चोपडलेलं. माझी विहीर, माझ्या आज्यानं खणलेली, आणि मी तुळशीपाशी उभा राहून बघतोय, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. शाळेत तसा उभा मी पुष्कळ राहिलोय, चौथीपर्यंत, त्यामुळे सवय होती.

आमच्याकडे कोणाचं लग्न मोडलं तर कळायला आठवडा लागतो, पण विहिरीचं पाणी तपासायला गेलं हे दुपारपर्यंत सगळीकडे झालं. दुसऱ्या दिवशी मशिन विकणारा दारात. टाय लावलेला, घामानं भिजलेला. त्यानं आमच्या विहिरीचं पाणी एका ग्लासात घेतलं, स्वतःच्या बाटलीतलं दुसऱ्या ग्लासात, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. आमचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर गाळ तरंगायला लागला. त्याचं तसंच राहिलं, काचेसारखं.

"बघा काका, हे तुम्ही रोज पिता."

मी उठलो, आतून शहाळं आणलं, कोयत्यानं फोडलं आणि पाणी तिसऱ्या ग्लासात ओतलं. "याच्यात घाल तुझी कांडी."

तो नको नको करत होता. मी कोयता खाली ठेवला नव्हता, म्हणून त्यानं घातली. शहाळ्याचं पाणी गटारासारखं झालं.

"आता शहाळं पण विष का रं?"

बिचाऱ्यानं सामान आवरलं. उन्हातान्हात फिरणारा माणूस, म्हणून मी त्याला दुसरं शहाळं फोडून दिलं. पिऊन गेला. त्या दिवशी मी फार खुश होतो. मला वाटलं, हे सगळं असंच निघणार. कांड्या बुडवून घाबरवायचं.

मग तपासणीचा कागद आला आणि त्याच्यात ते रसायन होतं.

सुनेनं नीट समजावलं. मोठ्या तळ्यात चिमूटभर टाकावं इतकंच आहे, पण या जातीत चिमूटही जास्त धरतात. मशिनवाला लबाड होता म्हणून पाणी चांगलं ठरत नाही, हेही म्हणाली. मी कागद उलटा करून बघितला. मुलाला मात्र तोडगा लगेच सुचला.

"बाबा, डंपरवाल्याशी बोललोय. भराव टाकून बुजवून टाकू. विषय संपला."

"विषय संपला का तुझ्या गाडीला जागा झाली?"

त्याचे कान लाल झाले. मी त्याला विहिरीभोवती पावलं टाकून मोजताना बघितलं होतं. तरी पोरगा वाईट नाही. आईच्या आजारात त्यानं नोकरीवर किती रजा टाकल्या हे मला ठाऊक आहे. त्याला ती विहीर डोळ्यांसमोर नको होती, गाडी हे निमित्त. मला डोळ्यांसमोर तीच हवी होती. भांडण एवढंच. तिच्या साड्या सुनेनं आणि मेव्हणीनं वाटून घेतल्या, तिची खाट ती गेल्यावर काढून टाकली. काठावरच्या ज्या दगडावर ती बसायची तो दगड तेवढा राहिला होता. भरावाखाली दगड पण गेला असता.

मी एकटाच पनवेलला गेलो, तिला ज्या डॉक्टरनं बघितलं होतं त्याच्याकडे. नंबर लावून बसलो. आत गेल्यावर म्हणाला, "बोला काका, काय होतंय?"

"मला काय नाय होत. आमच्या हिला झालं ते पाण्यानं झालं का?"

मी विहिरीच्या तपासणीचा कागद पुढं केला, त्यानं तो वाचला. "सांगता येत नाही, काका. असूही शकतं, नसूही शकतं. एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवता येत नाही."

"मग कोण ठेवणार बोट?"

"कोणीच नाही ठेवू शकत." आणि मग म्हणाला, "पण आता कळलंय, तर पिऊ नका."

हे मी घरी सांगितलं नाही. पहिलं अर्धंच सांगितलं. डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही.

उलट मी मुद्दाम विहिरीचंच पाणी प्यायला लागलो. काठावर उभा राहून, बादलीतून तांब्या भरून, घसा वर करून, घटाघटा. आमच्या मागं आमचीच चाळ आहे, तिथं भाडेकरू राहतात. नळाला एक दिवस पाणी येतं, दोन दिवस येत नाही, म्हणून सगळ्या बायका आमच्या विहिरीवर. सून त्यांना जाऊन सांगून आली होती की हे पिऊ नका. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कळश्या घेऊन हजर. एक जण मला ऐकू येईल असं म्हणालीसुद्धा, "आजोबा पितात की. त्यांना कुठं काय झालंय?" मी आणखी एक तांब्या प्यायलो.

मुलाचं आणि माझं आखातीपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर डंपर आणायचा नाही. आखाती म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या घरात रीत अशी, की माणूस गेल्यावरच्या पहिल्या आखातीला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची. मातीची नवी घागर, आत वाळा, तोंडावर आंबा. बाई सवाष्ण गेली असेल तर एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिनं घागरीतलं पाणी आधी प्यायचं, मग घरच्यांनी पानावर बसायचं. ते पाणी गेलेल्या बाईला पोचतं.

सवाष्ण म्हणून हिची धाकटी बहीण येणार होती, उरणकडे दिलेली; हिला ती बाय म्हणायची. बोलण्यात हिच्यापेक्षा दुप्पट आणि ऐकण्यात अर्धी. तिला फोनवर सुनेनं सांगायचा प्रयत्न केला की मावशी, घागरीत फिल्टरचं पाणी भरू या. तिनं फोन मला द्यायला लावला.

"भावोजी, बाय मशिनचं पाणी पिणार काय?"

"माझा कुठं हट्ट हाय? सून म्हणतेय."

"जितेपणी तिनं नळाचं थुंकलं. मेल्यावर मशिनचं पाजताय? मी घागरीला तोंड लावायची नाय, सांगून ठेवते. विहिरीचंच पायजे."

आता फिल्टरचं मशिन म्हणजे सुनेनं बसवलेलं, चांगल्या दुकानातून, कांड्यावाल्याकडून नाही. नळाचा भरवसा नाही म्हणून त्याला विहिरीतून पंपानं टाकीत चढवलेलंच पाणी जोडलं होतं. ते मशिन एक तांब्या चांगलं पाणी देतं आणि दोन-तीन तांबे फुकट घालवतं. दिवसभर मोरीत बारीक धार. मला रात्रंदिवस ती धार ऐकू यायची. बायको असती तर तिनं मशिन उचलून मशिनसकट विहिरीत टाकलं असतं. मी प्लंबरला बोलावलं, खिडकीतून पाइप काढला आणि फुकट जाणारं पाणी परत विहिरीत सोडलं. विहिरीचं विहिरीला. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं. कळायला सुनेला आठवडा लागला. धुणं वाळत घालताना पाइप दिसला, त्याच्या मागं मागं चालत गेली आणि विहिरीपाशी जाऊन थांबली.

"बाबा, मशिन काय करतं माहितेय? आपल्या प्यायच्या पाण्यातलं सगळं वाईट काढून त्या उरलेल्या पाण्यात ढकलतं. आणि तुम्ही ते परत विहिरीत सोडताय?"

"पाणी वाया जात होतं."

"म्हणजे आपण विष गाळून, एकत्र करून, परत घालतोय. रोज!"

मुलगा हसला. खूप दिवसांनी हसला होता, म्हणून मी त्याला काही बोललो नाही. पाइप काढला. पण आतून मला पटलं नव्हतं. आलं विहिरीतूनच ना, मग गेलं विहिरीत तर वाढलं कुठून? हे कोडं मी उशाशी घेऊन झोपायचो.

घागरीवर मी तोडगा काढला. पाणी विहिरीचंच, पण उकळून. उकळल्यावर काय मरत नाही? दवाखान्यात सुया उकळायचे, पोरांच्या बाटल्या उकळायचे, कावीळ आली की सगळं गाव पाणी उकळायचं.

"बाबा, हे जंतू नाहीत. उकळून जात नाही," सून म्हणाली.

"तू उकळतेस किती? गॅसवर कढ आला की बंद. मी चुलीवर उकळतो, बघ."

"तुम्ही कितीही उकळा."

"मग बघच."

"मी सांगितलं ते सांगितलं. मावशींना ते पाणी तुमच्या हातानं द्या, मी देणार नाही."

आखातीच्या आदल्या दिवशी सकाळीच मी अंगणात चूल मांडली. मोठा टोप, लग्नकार्यात भाताला काढतो तो, तोंडापर्यंत भरून ठेवला आणि खाली बाभळीची लाकडं. पाण्याला खळखळून कढ आला. मी म्हटलं, मर. दुपार झाली, पाणी अर्ध्यावर आलं. मी म्हटलं, अजून जिवंत असशील. चाळीतल्या बायका विचारायला लागल्या, काय आजोबा, कसला काढा? त्या उन्हात चुलीसमोर बसून माझाच काढा व्हायची वेळ आली होती. टोपाच्या तळाशी थोडं राहिलं तेव्हा कुठं माझं समाधान झालं. एवढ्या आगीत रसायनाचा बापसुद्धा टिकणार नाही. गार झाल्यावर वाळा घालून घागरीत भरलं. घागर जेमतेम गळ्यापर्यंत भरली. टोप तसाच चुलीपाशी राहिला.

सकाळी मेव्हणी आली. नवी साडी, नाकात नथ, आल्या आल्या बहिणीच्या फोटोसमोर बसून मोकळेपणी रडली. मग डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली आणि पुरणात वेलची कमी आहे म्हणून सांगितलं. पानं मांडली. घागर पाटावर ठेवली, आंबा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मुलगा भिंतीला टेकून उभा, सून त्याच्या शेजारी, चेहरा गंभीर.

हात धुवायला म्हणून मी मागं गेलो. चुलीपाशी टोप होता. बायकोची सवय, सणाच्या दिवशी खरकटं भांडं उघडं दिसायला नको. म्हटलं, पालथा घालावा. उचलला तर आत तळाला आणि कडेनं पांढरी कड धरलेली. मी नखानं खरवडली. जिभेवर ठेवली. खारट, तुरट.

मी तिथंच उकिडवा बसलो. हा पांढरा थर मी जन्मभर बघितला होता. आमचं घराणं मिठागरातलं. उधाणाला खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, बांध घालायचा आणि उन्हावर सोडून द्यायचं. पाणी उडून जातं. जे पाण्यात असतं ते उडत नाही, ते बसतं. मग त्याच वाफ्यात परत पाणी घ्यायचं, परत उन्हावर, म्हणजे आणखी बसतं. माझ्या बापानं हेच केलं, मी हेच केलं, मीठ असंच होतं. फावड्यानं ढीग ओढताना माझ्या पायांची कातडी फाटली आहे. आणि मी दिवसभर चुलीपुढं बसून काय केलं होतं? त्या रसायनाचं मीठ पाडलं होतं! टोपभर पाण्यातलं सगळं त्या एका घागरीत आणून भरलं होतं. मशिनच्या पाइपचं कोडंही तिथंच सुटलं.

आणि आत मेव्हणी घागरीला तोंड लावायला बसली होती.

या वयात मी धावत नाही. त्या दिवशी धावलो. दारातून आत आलो तर तिनं पेला भरून घेतला होता, डोळे मिटले होते आणि "बाय, घे गं" म्हणून पेला ओठाशी नेला होता. बोलायला दम नव्हता. मी पेल्यावर थाप मारली. पेला उडून फोटोच्या खाली गेला, पाणी सगळं तिच्या अंगावर, नथीपासून निऱ्यांपर्यंत. त्यात माझा पाय पाटाला लागला आणि घागर आडवी झाली.

वाळ्याचा वास घरभर सुटला.

मेव्हणीनं डोळे उघडले. "भावोजी," ती म्हणाली, "पाणी द्यायचं नव्हतं तर फोनवर सांगायचं होतं. माझी साडी गेली!"

"पिलीस काय?"

"कसली पितेय! नाकात गेलं."

"नाकात किती गेलं?"

"मोजू काय आता?"

मी तिला मिठाचं सांगितलं. तिचं माहेर तेच, मिठागरातलं, तिला अर्ध्या वाक्यात कळलं. ती कपाळाला हात लावून बसली. "अरे देवा. आमाला दोघांना कळू नये? मीच हट्ट केला." मग मुलगा हसायला लागला आणि त्याच्या मागं ती ओल्या साडीत हसायला लागली. हसता हसता परत फोटोकडे बघून रडली. तिला दोन्ही एकदम येतं.

सून लादी पुसत होती. खाली बघूनच म्हणाली, "बाबा, एका पेल्यानं मावशींना काही झालं नसतं. एका दिवसाचं नसतं ते. वर्षानुवर्षं रोज पितात, त्यांचा प्रश्न असतो."

तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला हिचे तांबे आणि चाळीतल्या कळश्या आठवल्या.

नवी घागर नव्हती, म्हणून स्टीलच्या कळशीत मशिनचं पाणी भरलं. वाळा परत घातला, आंबा पुसून ठेवला. मेव्हणीनं सुनेची साडी नेसून ते पाणी प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. "याला काय चव नाय," म्हणाली, "पण बायला पोचलं असेल. ती कुठं चवीला बसलेय." आम्ही जेवलो. पुरणात खरंच वेलची कमी होती.

जेवण झाल्यावर मुलगा माझ्याजवळ आला. त्याला वाटलं, आता बाप मऊ झालाय. "मग बाबा, डंपरला फोन करू?"

"नाय. भराव टाकलास म्हणून खालचं पाणी जाणार हाय का कुठं? आपल्याला दिसायचं बंद होईल, एवढंच. लोखंडी जाळी बसव, कुलूप लाव, रहाट काढ. कधीमधी तपासायला देऊ. दगड तिथंच राहील. तुझी गाडी रस्त्यावर."

त्यानं हातातला मोबाइल खिशात टाकला. "कुलपाची किल्ली कोणाकडे?"

"सुनेकडे. माझ्यावर इश्वास ठेवू नको."

ऊन उतरल्यावर मी चाळीत गेलो. बायको गेल्यापासून तिकडे गेलो नव्हतो, तिथल्या बायका मला बघून एकदम उठून उभ्या राहतात म्हणून. पहिल्या दारात सांगितलं, विहिरीचं प्यायचं नाय, रांधायला पण घ्यायचं नाय. ती म्हणाली, काल तर तुम्ही काढा करत होतात. दुसऱ्या दारातल्या म्हाताऱ्यानं माझी तब्येत विचारली आणि आतल्यांना खूण केली की डोक्यावर परिणाम झालाय. मी प्रत्येक दारात मिठागरापासून सुरुवात केली. मराठवाड्यातली माणसं, त्यांनी मिठागर कशाला बघितलंय? तरी ऐकत होती. आमच्या मशिनचा नळ पडवीत काढून देतो, प्यायला तिथून न्या, असंही बोलून बसलो. सुनेला विचारलं नव्हतं.

शेवटच्या खोलीतली पोरगी दिवस गेलेली. पोट पुढं आलेलं, दारात पाटावर बसून तांदूळ निवडत होती. तिच्या मागं ओट्यावर दोन कळश्या, आमच्या विहिरीच्या, वर फडकी बांधलेली. मी सांगितलं. ती हसली.

"आजोबा, आजी तर म्हणायच्या, या पाण्यासारखं पाणी नाही. जन्मभर हेच प्यायल्या ना त्या?"

'आता कळलंय, तर पिऊ नका' हे डॉक्टरनं सांगितलेलं दुसरं अर्धं माझ्या तोंडाशी होतं.

"प्यायली," मी म्हणालो. "म्हणून तर सांगायला आलोय."

तिनं माझ्याकडे बघितलं. तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि उठायला लागली. मी म्हटलं, तू बस. कळश्या मी उचलल्या, एकेक करून दारातल्या चाफ्याच्या बुडाशी ओतल्या आणि रिकाम्या घेऊन घराकडे निघालो, मशिनखाली लावायला. ते मशिन फार हळू भरतं. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो.